एफपीजीएवरच्या युआर्टमधून टर्मिनलवर कचरा येतोय? कोड उघडायच्या आधी तो कचरा नीट वाचा

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच ठेवतो. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप. तिच्यासाठी व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या हार्डवेअर भाषांमध्ये स्वतः युआर्ट, म्हणजे एकेक बिट पाठवणारा सिरीयल पोर्ट, लिहिलाय, सिम्युलेशनमध्ये वेव्हफॉर्म अगदी चोख, आणि बोर्डवर बिटस्ट्रीम (त्या सर्किटची तयार फाइल) टाकली की टर्मिनलवर भलतंच काहीतरी दिसतंय. मग बहुतेक जण लगेच कोडमध्ये घुसतात, काउंटरमध्ये एक मिळवून बघ, एक वजा करून बघ, पुन्हा सिंथेसिस (कोडमधून सर्किट बनवणं), पुन्हा दहा मिनिटं थांबा. असं करून कधीकधी चालू होतंही, पण का चालू झालं ते कळत नाही आणि बॉड रेट (सेकंदाला किती बिट) बदलला की पुन्हा तेच रडगाणं.

आधी लक्षणं. तुमचं यातलं नेमकं कुठलं आहे ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

काहीच येत नाही, टर्मिनल कोरं.

एकच की दाबली तर दरवेळी तेच एक चुकीचं अक्षर येतं.

एकच की दाबली तर दरवेळी वेगळं काहीतरी येतं, किंवा बराच वेळ बरोबर येतं आणि मधेच एखादं अक्षर बिघडतं. याचाच भाऊ म्हणजे तासभर छान चालतं आणि मग अडकून बसतं, रिसेट दिल्याशिवाय हलत नाही.

हाताने टाइप केलं तर सगळं बरोबर, पण लांब ओळ पेस्ट केली की अक्षरं गळतात नाहीतर बिघडतात.

एक की दाबली तर तेच अक्षर ढिगाने येतं.

रिसेटनंतरचं पहिलंच अक्षर फक्त चुकतं, बाकी ठीक.

यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच आहे, दरवेळी तेच चुकतंय की दरवेळी वेगळं चुकतंय? तेच चुकत असेल तर दोष हिशोबाचा आहे, म्हणजे डिव्हायडर (क्लॉक भागून बॉड बनवणारा काउंटर), बिटचा क्रम, सॅम्पल घ्यायची म्हणजे लाइन वाचायची जागा, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) असलं काहीतरी, आणि तो कागदावर सापडतो. वेगळं वेगळं चुकत असेल तर दोष वायर, ग्राउंड किंवा क्लॉकशी न जुळलेल्या सिग्नलचा आहे, तिथे काउंटर हलवून काहीही होणार नाही. हे दोन एकमेकांत मिसळले की आठवडे जातात, म्हणून मी कुणालाही हेच आधी विचारतो.

आता तपासण्या, सोप्या आणि फुकटातल्या आधी.

टर्मिनलची सेटिंग

बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, आणि फ्लो कंट्रोल (थांब-पाठव सांगणारे सिग्नल) बंद. हे शेवटचं लोक विसरतात. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला आणि तुमच्या डिझाइनमध्ये त्या लाइनच नसतील तर पीसी बाइट पाठवतच नाही, आणि तुम्ही आरएक्सचा (घेणाऱ्या बाजूचा) कोड वाचत बसता. लोकल एको पण बंद करा, नाहीतर जे दिसतंय ते बोर्डवरून आलंय की टर्मिनलनेच छापलंय ते कळणार नाही. आणि कृपा करून हेक्समध्ये दाखवणारं टर्मिनल वापरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं बघून काहीही निदान होत नाही.

एका ओळीचा लूपबॅक

युएसबी सिरीयल अडॅप्टर वेगळा असेल तर तो एफपीजीएपासून सोडवा, त्याचेच टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स एका जंपरने जोडा आणि टाइप करा. जे टाइप केलं ते परत यायला हवं. नाही आलं तर केबल, ड्रायव्हर किंवा चुकीचा पोर्ट, एफपीजीएचा काही संबंध नाही. बऱ्याच डेव्हलपमेंट बोर्डवर एकाच युएसबी चिपमधून जेटॅग (चिपमध्ये डिझाइन टाकायचा) आणि सिरीयल असे दोन चॅनल निघतात, तेव्हा दोन पोर्ट दिसले तर दुसरा लावून बघा.

अडॅप्टर बोर्डवरच असेल तर एक छोटं डिझाइन करा ज्यात एकच ओळ आहे, आरएक्स पिनवर जे येईल ते सरळ टीएक्स पिनवर द्यायचं, क्लॉक नाही, काउंटर नाही, काही नाही. माझ्या मते या सगळ्यातली ही सगळ्यात उपयोगी तपासणी आहे, कारण यात बॉड रेटचा प्रश्नच येत नाही, टर्मिनल कुठल्याही बॉडला ठेवा, अक्षर बरोबरच परत येतं. हे चाललं म्हणजे पिन नंबर, आयओ स्टँडर्ड, केबल, ड्रायव्हर, टर्मिनल सगळं एका दमात पास. नाही चाललं तर कन्स्ट्रेंट फाइल (कुठला सिग्नल कुठल्या पिनवर ते सांगणारी) उघडा. तिथे एक जुना घोळ असतो, काही बोर्डांच्या फाइलीत पिनचं नाव पीसीच्या बाजूने ठेवलेलं असतं, म्हणजे नावात टीएक्स आहे पण एफपीजीएसाठी ती इनपुट आहे. नावावर जाऊ नका, स्किमॅटिकमधला बाण बघा.

वायर आणि व्होल्टेज

बाहेरचं डिव्हाइस जोडत असाल तर वायर लावायच्या आधी मल्टिमीटर लावा. त्या डिव्हाइसची टीएक्स लाइन गप्प असताना ग्राउंडच्या तुलनेत साधारण ३.३ व्होल्ट दाखवायला हवी, कारण युआर्टची लाइन रिकामी असताना वर असते आणि प्रत्येक बाइटच्या आधीचा स्टार्ट बिट तिला खाली ओढतो.

शून्याच्या आसपास दाखवत असेल तर समोरचं चालू नाही, तुम्ही चुकीची पिन धरलीय किंवा सिग्नल उलटा आहे. उलट्या लाइनवर रिसीव्हरला गप्प लाइनच स्टार्ट बिट वाटते आणि तो अखंड शून्याची बाइट्स ओकत बसतो. ५ व्होल्ट दाखवत असेल तर लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारी चिप) लावा, आजच्या बहुतेक एफपीजीएच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. आणि मीटरने उणे आकडा दाखवला, उणे ५ किंवा त्याहून खाली, तर ती खरी आरएस-२३२ लाइन आहे, तिथे १ म्हणजे उणे व्होल्टेज आणि ० म्हणजे अधिक, रेंज उणे १५ ते अधिक १५ पर्यंत जाऊ शकते. ही वायर एफपीजीएला थेट लावायची नाही. मध्ये मॅक्स३२३२ सारखी चिप लागतेच.

ग्राउंड दोन्हीकडे जोडलंय ना तेही बघा. ग्राउंड नसताना कधी कधी चालल्यासारखं वाटतं, आणि हात लावला की किंवा लॅपटॉपचा चार्जर काढला की बिघडतं. दरवेळी वेगळं चुकणाऱ्यांनी इथेच आधी बघावं.

आता कचरा वाचा

इथवर सगळं ठीक असेल आणि दरवेळी तेच चुकीचं येत असेल तर आता मजा आहे, कारण चुकीचं अक्षरच दोष कुठे आहे ते सांगतं.

आधी टीएक्स आणि आरएक्स वेगळे करा. आलेला बाइट तसाच परत पाठवणाऱ्या एको डिझाइनवर टेस्ट करू नका. बिटचा क्रम दोन्हीकडे उलटा लिहिला असेल तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि एको एकदम बरोबर दिसतो, मग खरं डिव्हाइस जोडल्यावर सगळं कोसळतं. टीएक्ससाठी एक ठरलेला बाइट थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहा. आरएक्ससाठी आलेला बाइट आठ एलईडीवर लावा.

टेस्टला कॅपिटल ए घेऊ नका, सगळे तोच घेतात. त्याचा कोड हेक्स ४१, बायनरीत ०१०००००१. बिट उलट्या क्रमाने घेतले तर १०००००१० होतं, म्हणजे ८२. आणि आरएक्सने एक बिट लवकर सॅम्पल केलं, म्हणजे स्टार्ट बिटच पहिला डेटा बिट म्हणून घेतला, तर सगळं एक घर डावीकडे सरकतं आणि तेही ८२ च होतं. दोन वेगळे दोष, उत्तर एकच, काय समजणार त्यातून?

त्याऐवजी आकडे घ्या. १ चा कोड हेक्स ३१, ००११०००१. डावीकडे एक घर सरकला तर ६२, म्हणजे स्मॉल बी. म्हणून १, २, ३ टाइप केल्यावर बी, डी, एफ येत असतील तर डोळे मिटून सांगतो, तुमचा आरएक्स एक बिट लवकर सॅम्पल करतोय. कधी त्यामागे एखादं जास्तीचं बाइटही येतं, कारण शेवटचा डेटा बिट ० असल्याने त्यालाच पुढचा स्टार्ट समजलं जातं. १ चे १००११००० म्हणजे ९८ होत असेल तर एक बिट उशीर झालाय, वरच्या टोकाला स्टॉप बिट येऊन बसलाय. आणि १०००११०० आलं तर क्रम उलटा आहे. युआर्टमध्ये सगळ्यात कमी किमतीचा बिट आधी जातो, शिफ्ट रजिस्टर कुठल्या बाजूने भरताय ते बघा. क्रम उलटा असल्याची अजून एक खूण, कॅपिटल बी, कॅपिटल झेड आणि स्मॉल एफ तेवढे बरोबर येतात आणि ए ते झेडमधली बाकी अक्षरं चुकतात, कारण त्यांचे आठ बिट दोन्हीकडून वाचले तरी सारखेच आहेत.

खालचे बिट बरोबर आणि वरचे एक-दोनच चुकत असतील तर घसरण आहे, बॉड थोडा चुकलाय आणि शेवटच्या बिटांपर्यंत चूक साठत गेलीय. फक्त सगळ्यात वरचा बिट चुकतोय, तोही काही अक्षरांना होतो आणि काहींना होत नाही, तर पॅरिटी बघा. समोरचा ७ बिट आणि इव्हन पॅरिटी पाठवत असेल तर ज्या अक्षरात १ ची संख्या विषम त्यांचाच वरचा बिट १ होतो.

सॅम्पल घ्यायची योग्य जागा एकदा पक्की लक्षात ठेवा. लाइन खाली गेली की अर्धा बिट थांबायचं, लाइन अजून खालीच आहे ना बघायचं, नसेल तर तो नॉइज, परत आयडलला (वाट बघायच्या स्टेटला) जायचं. असेल तर तिथून एक एक पूर्ण बिट मोजत जायचं. अर्धा बिट थांबायचंच विसरलात तर प्रत्येक सॅम्पल दोन बिटांच्या सीमेवर पडतं, आणि मग कधी १ तर कधी बी असं येतं. हा हिशोबाचा दोष असूनही वेगळा वेगळा दिसणारा प्रकार आहे, एवढा अपवाद सोडला तर वरचा नियम सहसा चुकत नाही.

डिव्हायडरचा हिशोब

५० मेगाहर्ट्झ भागिले ११५२०० म्हणजे ४३४.०३, इथे ४३४ घेतलं तर चूक जवळपास शून्य. काउंटर ० पासून ४३४ पर्यंत मोजला तर खरं तर ४३५ क्लॉक होतात, तरी चूक पाव टक्क्याच्या आतच राहते, म्हणून तो काउंटरमध्ये एक कमी-जास्त करण्याचा खेळ इथे वायाच जातो. पण १२ मेगाहर्ट्झवर १० लाख बॉड घेतला तर भागाकार १२ येतो, तिथे एकाची चूक म्हणजे ८ टक्के.

किती चूक चालते? रिसीव्हर प्रत्येक स्टार्ट बिटच्या उतारावर नव्याने जुळवून घेतो, त्यामुळे चूक एका फ्रेमपुरतीच (स्टार्टपासून स्टॉप बिटपर्यंत) साठते. स्टॉप बिटचा मध्य उतारापासून साडेनऊ बिटांवर, आणि तिथे अर्ध्या बिटाहून जास्त घसरायचं नाही, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून साधारण ५ टक्के. ही कागदावरची मर्यादा झाली, सिग्नलच्या कडा आणि सॅम्पलिंगची अनिश्चितता धरून मी २ टक्क्यांच्या वर कधी जाऊ देत नाही.

१६ पट ओव्हरसॅम्पलिंग (एका बिटात १६ वेळा लाइन बघणं) करणाऱ्यांसाठी खास सांगतो. १२ मेगाहर्ट्झच्या बोर्डवर ११५२०० ला १६ पट म्हणजे भागाकार ६.५१. ६ घेतलं तर ८ टक्के जलद, ७ घेतलं तर ७ टक्के हळू, दोन्ही बाद. तोच क्लॉक सरळ १०४ ने भागला तर चूक ०.१६ टक्के. कुठून तरी ५० मेगाहर्ट्झसाठी लिहिलेला मॉड्यूल उचलून १२ च्या बोर्डवर टाकला की हे हमखास होतं. एकतर ओव्हरसॅम्पलिंग ८ पट करा, तिथे भागाकार १३.०२ येतो, किंवा पीएलएलने (क्लॉकची फ्रिक्वेन्सी बदलणारा चिपमधला भाग) क्लॉक वाढवा.

काउंटरची रुंदी पण बघाच. ४३४ ला ९ बिट लागतात, ५० मेगाहर्ट्झवर ९६०० ला ५२०८ येतात त्याला १३. रजिस्टर ८ बिटांचं ठेवलं तर तो २५५ वरून परत शून्याला जातो, ४३४ कधी येतच नाही आणि टर्मिनल कोरं राहतं. ११५२०० ला चालत होतं, ९६०० केलं आणि मेलं, अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. सिंथेसिसच्या वॉर्निंगमध्ये हे बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं, पण शेकडो वॉर्निंगच्या गर्दीत कोण वाचतो!

आणि क्लॉक खरंच तेवढाच आहे का हे मोजा. टीएक्समधून कॅपिटल यू सलग, मध्ये अजिबात गॅप न ठेवता पाठवत राहा. यू म्हणजे हेक्स ५५, स्टार्ट आणि स्टॉप धरून लाइनवर ० १ ० १ असं अखंड चालू राहतं, म्हणजे अगदी स्वच्छ स्क्वेअर वेव्ह, आणि तिची फ्रिक्वेन्सी बॉडच्या निम्मी. ११५२०० ला ५७.६ किलोहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर असला तरी पुरतो, स्कोप असेल तर एक बिट ८.६८ मायक्रोसेकंद दिसायला हवा. दुप्पट किंवा निम्मी आली तर क्लॉक तुम्ही समजताय तो नाहीये, पीएलएलची सेटिंग बघा.

दरवेळी वेगळं चुकणाऱ्यांसाठी

आरएक्स पिन तुमच्या क्लॉकला ओळखत नाही, ती कधीही बदलते. ती थेट स्टेट मशीनमध्ये (पायरीपायरीने चालणाऱ्या लॉजिकमध्ये) घेतली तर एकाच क्लॉकच्या कडेला एका फ्लिपफ्लॉपला (एक बिट धरून ठेवणारा घटक) ० दिसतो आणि दुसऱ्याला १, आणि मशीन अशा स्टेटमध्ये जाऊन पडतं जी तुम्ही लिहिलेलीच नाही. तासाभराने अडकणारे डिझाइन बहुतेक याच जातीचे असतात. डिफॉल्ट (न लिहिलेल्या स्टेटसाठीची शाखा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे पोचताच येत नाही असं समजून टूल तो भाग काढून टाकू शकतं, सेफ स्टेट मशीनचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

उपाय दोन फ्लिपफ्लॉपचा. पिन पहिल्यात, पहिला दुसऱ्यात, आणि डिझाइनमध्ये सगळीकडे फक्त दुसऱ्याचं आउटपुट वापरायचं. पहिल्याला स्थिरावायला एक अख्खा क्लॉक मिळतो. या दोघांची रिसेट व्हॅल्यू १ ठेवा. ० ठेवली तर रिसेट सुटल्या सुटल्या लाइन खाली असल्यासारखी दिसते, खोटा स्टार्ट बिट पकडला जातो आणि पहिलं अक्षर बिघडतं, वरच्या लक्षणांमधलं शेवटचं ते हेच.

पेस्ट केलं की बिघडतं

टर्मिनलमध्ये दोन अक्षरांमध्ये १ मिलिसेकंदाचा डिले टाकून बघा. सुधारलं तर दोन शक्यता. एक, तुमचा आरएक्स स्टॉप बिट पूर्ण संपेपर्यंत थांबतोय. समोरचा किंचित जलद असेल तर पुढचा स्टार्ट बिट तुम्ही थांबलेले असतानाच सुरू होतो आणि उतार हुकतो. स्टॉप बिटच्या मध्यावर तो १ आहे एवढं बघितलं की लगेच आयडलला जा. दोन, बाइट उचलणारा भाग हळू आहे. ११५२०० ला दर ८६.८ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो, त्याच्या आत आधीचा उचलला नाही तर गेलाच, तिथे फिफो (बाइट रांगेत साठवणारा बफर) हवा.

एक अक्षर ढिगाने येत असेल तर व्हॅलिड सिग्नल (नवा बाइट आलाय हे सांगणारा) बघा. तो नेमका एका क्लॉकपुरता वर जायला हवा. बिटभर वर राहिला तर फिफोत तोच बाइट ४३४ वेळा शिरतो. आणि वाचणारा भाग वेगळ्या क्लॉकवर असेल तर हा एका क्लॉकचा पल्स त्याला दिसेलच याची खात्री नाही, तिथे दोन क्लॉकचा फिफो वापरा.

एवढं करूनही नाही सापडलं तर मग मेहनतीचं काम. टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनमध्ये डिझाइनला सिग्नल देणारा कोड) मुद्दाम बिटची लांबी २ टक्के कमी, मग २ टक्के जास्त करून बाइट पाठवा, आणि लाइनवरचे बदल क्लॉकच्या कडेपासून हवे तिथे सरकवून. सिम्युलेशनमध्ये सगळं बरोबर असतं ते बहुतेकदा टेस्टबेंच त्याच क्लॉकवरून बिट बनवतो म्हणून. मग टायमिंग रिपोर्ट, स्लॅक (सिग्नल पोचायला उरलेली वेळ) कुठेही उणे असेल तर आधी ते मिटवा. शेवटी एफपीजीएतलाच लॉजिक अनालायझर, त्यात सिंक झालेली आरएक्स, स्टेट, बिट काउंटर आणि व्हॅलिड एवढे चारच सिग्नल घ्या आणि ट्रिगर स्टॉप बिट ० आढळण्यावर लावा, म्हणजे नेमका बिघडलेला फ्रेम हातात येतो.

कुठे थांबायचं

एका ओळीचा लूपबॅक बरोबर पिन लावूनही चालत नाही आणि आधी त्या पिनला ५ व्होल्ट किंवा आरएस-२३२ लागून गेलंय, तर ती पिन गेली असं धरा. दुसऱ्या पिनवर हलवून बघा, तिथे चाललं तर पुढे जा. चिप हाताला गरम लागतेय तर लगेच पॉवर काढा आणि पुन्हा लावू नका. बीजीए चिप (जिचे जोड चिपच्या खाली असतात) घरी बदलायच्या फंदात पडू नका, ते रिवर्क स्टेशन असलेल्या माणसाचं काम आहे.

दुसरी जागा म्हणजे लांब केबल आणि मशिनरी. आरएस-४८५ (लांब केबलसाठीची सिरीयल लाइन) वर मोटर ड्राइव्ह, इन्व्हर्टर किंवा मेन्सवर चालणारं पॅनेल जोडलेलं असेल, आणि दोन्हीकडच्या ग्राउंडमध्ये काही व्होल्टचा फरक मीटर दाखवतोय, तर तिथे कोडने काही सुटणार नाही आणि जिवाला धोका आहे. आयसोलेशन आणि अर्थिंग बघणारा इंडस्ट्रियल इलेक्ट्रिशियन किंवा हार्डवेअर इंजिनिअर बोलवा. पेशंटला जोडलेल्या उपकरणाच्या पोर्टला तर स्वतः हातच लावायचा नाही, उत्पादकाचाच माणूस.

त्यांना बोलावताना इतकं लिहून द्या, रिकाम्या लाइनचं मोजलेलं व्होल्टेज, यू पाठवताना मोजलेली फ्रिक्वेन्सी, बोर्डचा क्लॉक आणि डिव्हायडरचा आकडा, आणि पाठवलेल्या व आलेल्या दहा-बारा बाइट्स शेजारी शेजारी हेक्समध्ये.